पांदण, गिट्टी, डांबरी : चाकात हवा किती?

वाचक विचारतात

मृग जवळ आला की सायकलच्या हवेबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. हवेचे आकडे पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब या मापात दिले आहेत. तुमचं गेज बारमध्ये असेल तर 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय धरा. ‘काळी सायकल’ म्हणजे 28 × 1½ मापाच्या, सुमारे 40 मिमी रुंद टायरची. ‘जाड टायर’ म्हणजे 26 × 2.1, सुमारे 53 मिमी रुंद. मुलींच्या 26 × 1⅜ मापाच्या सायकलींना काळ्या सायकलीचे आकडे चालतील, कारण तो टायर जेमतेम 3 मिमीने अरुंद असतो.

प्रश्न : घरून निघालो की आधी पांदण, पुढे गिट्टी उघडी पडलेला रस्ता आणि मग शाळेपर्यंत डांबरी. सायकल काळी, वजन 65 किलो. डांबरीच्या हिशोबाने हवा भरली तर पांदणीत हाडं खिळखिळी होतात. कमी ठेवली तर डांबरीवर कुणी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं. वाटेत थांबून हवा कमी-जास्त करावी का? — एक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : रोजच्या रस्त्यासाठी नको. काढलेली हवा पुन्हा भरायला घाम गाळावा लागतो, आणि तुमच्या सायकलीच्या व्हॉल्व्हमधून हवी तेवढीच हवा सोडणं जवळपास अशक्य आहे. घरीच एकदा नीट हवा ठरवा. ती ठरवताना रस्त्याच्या चांगल्या तुकड्याकडे पाहू नका, वाईट तुकड्याकडे पाहा. डांबरीवर पाच-सात पीएसआय कमी असल्याचा तोटा फार थोडा असतो. खडबडीत रस्त्यावर मात्र टणक टायर प्रत्येक दगडावर सायकल आणि तुमचं शरीर दोन्ही उचलतो. ते उचलायचं बळ तुमच्याच पायांतून जातं.

किती हवा हे आकड्यावरून ठरवण्यापेक्षा टायर किती दबतो त्यावरून ठरवावं. 50 किलोच्या मुलीला जी हवा बरोबर आहे ती 80 किलोच्या माणसाला अपुरी पडते. दबण्याचं माप मात्र दोघांना एकच. सपाट, कठीण जागी सायकल भिंतीला लागून उभी करा. ओट्याची फरशी चालेल, सिमेंटचा रस्ताही चालेल. आधी कुणी न बसता, आसाच्या बरोबर खाली, जमिनीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर फूटपट्टीने मोजा. मग नेहमीचं दप्तर-पिशवी लावून बसा, एक हात भिंतीला, दोन्ही पाय पायडलवर, आणि दुसऱ्या कुणाकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. पुढचं चाक मोजताना दुसरा हात हँडलवर ठेवून चालवताना वाकता तसे वाका. ताठ बसून मोजलं तर पुढचा आकडा खोटा येतो.

दोन मापांतला फरक टायरच्या रुंदीच्या 15 टक्के आला तर हवा डांबरीसाठी बरोबर आहे. 40 मिमी टायरला हा फरक 6 मिमी. पांदण आणि गिट्टी रोजची असेल तर 8 मिमीपर्यंत जाऊ द्या. 10 मिमीच्या पुढे गेलात तर गिट्टीवर रिम दगडाला टेकणार, आणि डांबरीवर तुम्ही म्हणता ती ओढही तिथूनच जाणवू लागते.

65 किलोचा माणूस आणि 20 किलोची सायकल धरली तर सुमारे 60 टक्के भार मागच्या चाकावर, म्हणजे 51 किलो, आणि 34 किलो पुढच्यावर येतो. 6 मिमीसाठी मागे 45 आणि पुढे 30 पीएसआयच्या आसपास लागतात. 8 मिमीसाठी मागे 35, पुढे 25. तुम्ही मागे 38 ते 40, पुढे 27-28 ठेवून पाहा. दोन्ही चाकांत सारखीच हवा भरायची सवय सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. मनगटं दुखतात त्यातला बराचसा भाग पुढच्या चाकातल्या या जास्तीच्या हवेचा असतो.

प्रश्न : काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हला गेज लावलं तर काटा हलतच नाही. गेजचा पंप आणला, तर प्रत्येक दाबाला काटा वर उडून खाली येतो. खरा आकडा कोणता? — आर्वी, जि. वर्धा

उत्तर : कोणताच नाही. या व्हॉल्व्हमध्ये पितळी पिनेला बाजूने छिद्र असतं आणि त्यावर रबराची बारीक नळी ताणून बसवलेली असते. हवा आत जाताना नळीला ढकलून जाते. बाहेर यायला लागली की तीच नळी छिद्रावर घट्ट बसते. त्यामुळे ट्यूबमधली हवा गेजपर्यंत पोहोचत नाही. पंपाचा काटा दाखवतो तो होजमधला दाब, आणि त्यात नळी ढकलायला लागलेला जोरही मिळवलेला असतो.

म्हणून दाब मोजण्याऐवजी पंपाचे हात मोजा. दांडा वरून खालपर्यंत एकदा दाबला की एक हात. पंपाची नळी आतून 3 सेंमी आणि दांड्याची चाल 45 सेंमी असेल तर एका हातात सुमारे 318 मिलिलिटर हवा जाते. काळ्या सायकलीच्या टायरमध्ये 2.7 लिटरच्या आसपास जागा असते, म्हणजे एका हाताला पावणेदोन पीएसआय चढतात. 10 पीएसआय वाढवायला सहा हात लागले. जाड टायरमध्ये जागा सव्वाचार लिटर, तिथे एका हाताला जेमतेम 1.1 आणि 10 पीएसआयला नऊ हात. थोडी गळती होतेच, तेव्हा एखादा हात वरचा धरा. बसलेली ट्यूब फुगून टायर गोल होईपर्यंतचे हात मोजायचे नाहीत, तिथून पुढे मोजायचं. एकदा वरच्या पद्धतीने 6 किंवा 8 मिमी दबेपर्यंत भरा आणि किती हात लागले ते खडूने भिंतीवर लिहून ठेवा. पुढे त्याच पंपाने तेवढेच हात मारायचे.

हात मोजूनही टायर भरत नसेल तर आधी पंपाचं चामड्याचं वायसर पाहा. उन्हाळ्यात ते वाळून आकसतं. शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब देऊन रात्रभर ठेवलं की बहुतेक वेळा पुन्हा धरतं. आणि व्हॉल्व्हची रबरी नळी दर उन्हाळ्याआधी बदला. उष्णतेने ती कडक होते, छिद्राशी चिरते आणि रोज रात्री थोडी थोडी हवा सोडते. नवी चढवताना पाण्याने ओली करा आणि पिनेच्या खांद्यापर्यंत पूर्ण ओढा. अर्धवट चढली तर आत टाकताना गुंडाळली जाते. बसवून झाल्यावर व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर पुन्हा काढा.

प्रश्न : दादा, माह्या सायकलवर रोज सकाळी दुधाच्या वीस-वीस लिटरच्या दोन कॅन राह्यतात. मांगचं चाक बसते. टाईट भरली त येताना खडीवर सायकल उड्या मारते, ढिली ठेवली त ट्यूब कटते. कितीक हवा भरू? — मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, आधी ट्यूब कुठं कटते ते पाहा. रिमच्या बाजूला शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर ते कमी हवेचं काम. टायर पूर्ण दबून दगड आणि रिमच्या दोन कडा यांच्यात ट्यूब चेंगरली. रिमच्याच बाजूला एकच छिद्र असेल तर आऱ्याचं टोक वर आलं आहे, किंवा आतली पट्टी सरकली आहे. तिथं हवा कितीही ठेवली तरी फरक पडणार नाही. बाहेरच्या बाजूला एकच छिद्र म्हणजे काटा.

आता वजनाचं. दोन कॅन दुधासकट 45 किलोच्या पुढं जातात, आणि कॅरिअरवरचं जवळपास सगळं वजन मागच्या चाकावर येतं. पहिल्या उत्तरातले मागच्या चाकावरचे 51 धरून 96 किलो झाले, म्हणजे जवळजवळ दुप्पट. टायर तेवढाच दबावा असं वाटत असेल तर हवाही दुप्पट लागेल, 80 च्या वर. साधा टायर ते सोसत नाही. टायरच्या बाजूवर कमाल हवेचा आकडा छापलेला असतो, मागं तिथपर्यंत भरा आणि थांबा. टायर 8-9 मिमी दबला तर दबू द्या. तरी चिरा पडत असतील तर उपाय हवेत नाही, ओझ्यात आहे. कॅन कॅरिअरच्या वर न बांधता दोन्ही बाजूंना, जमतील तितक्या खाली आणि आसाच्या पुढं, सीटकडे सरकवून लटकवा. टाच लागणार नाही एवढी जागा सोडा. पुढच्या चाकात 30 पुरे, तिथं उगाच वाढवू नका.

परतताना कॅन रिकाम्या आणि हवा मात्र भरल्या ओझ्याची, म्हणून उड्या. दुधवाल्यानं मागच्या चाकात मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब घालावी. रिमचं छिद्र सहसा बदलावं लागत नाही, फक्त टायरच्या मापाची ट्यूब मिळते का ते दुकानात विचारा. या व्हॉल्व्हची मधली पिन काडीनं दाबून हवी तेवढी हवा सोडता येते आणि गेजही खरं दाखवतं. संकलन केंद्रावर पाच-सहा सेकंद हवा सोडायची, घरी आल्यावर भरायची.

प्रश्न : वडसा भागात नदीच्या रेतीतून पलीकडच्या गावात जावं लागतं. जाड टायरची सायकल आहे, तरी चाक रुततं. — देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : वाटेत हवा काढावी असं आम्ही ज्या मोजक्या ठिकाणी सांगू त्यातलं हे एक. जाड टायरला रेतीत पुढे 16 ते 18, मागे 20 ते 22 पीएसआय पुरतात. टायर पसरतो, भार जास्त जागेवर जातो आणि रेती चाकाखालून कमी निसटते. गिअर हलका लावा, रेती सुरू होण्याआधीच वेग घ्या, वजन थोडं मागे ठेवा आणि हँडल घट्ट धरून वळवत बसू नका. जोरात ब्रेक किंवा अचानक वळण घेतलं तर पुढचं चाक खणत जातं. पाण्याच्या काठाची ओलसर रेती कोरड्या रेतीपेक्षा किती तरी घट्ट असते. वाट लांबली तरी तिकडून जा.

पलीकडे पोचल्यावर डांबरीवर चढण्याआधी हवा भरा. 20 वरून 35 वर यायला मोठ्या पंपाचे चौदा-पंधरा हात लागतात. खिशातल्या छोट्या पंपाचे शंभराच्या वर जातात, तेव्हा पंप पाहून निर्णय घ्या. न भरता 20 वर गिट्टीतून गेलात तर वर सांगितलेल्या दोन चिरा ठरलेल्या. काळी सायकल रेतीत चालवण्याच्या फंदात पडू नका, ती ढकलत न्या. चेनमध्ये रेती गेली असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडा. तशीच तेल घालून फिरवली तर रेती आणि तेलाचं घोटण दातऱ्या खाऊन टाकतं.

प्रश्न : पावसात काळ्या मातीत हवा कमी ठेवावी की जास्त? — कारंजा, जि. वाशीम

उत्तर : कपाशीच्या काळ्या मातीला हवेचा उपाय नाही. ही माती पाण्याने फुगते आणि चिकटते. कमी हवेचा पसरट टायर तर ती जास्तच उचलतो. दहा-वीस पावलांत मडगार्ड आणि टायर यांच्यामधली जागा भरते आणि चाक जाम होतं. हवा नेहमीची ठेवा आणि पांदणीच्या मधल्या गवताच्या पट्ट्यावरून चला. चार महिने पुढचं मडगार्ड काढून ठेवणं परवडतं, कपडे खराब होतील तेवढंच. पऱ्हाटीची एक काडी कॅरिअरला अडकवून ठेवा आणि माती साचायला लागली की लगेच खरवडा. जाम झालेलं चाक पायडल मारून फिरवू नका. रिम फिरते, टायर अडकून राहतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. मुरमाच्या ओल्या रस्त्याची गोष्ट वेगळी. तिथे टायर 8 मिमी दबेल एवढी हवा छान पकड देते.

प्रश्न : मे महिन्यात उन्हात लावलेल्या सायकलीचा टायर आपोआप फुटला. उन्हाळ्यात हवा किती कमी करावी? — वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : उन्हाने हवा वाढते, पण लोक समजतात तेवढी नाही. सकाळी 28 अंशांना 50 पीएसआय भरली आणि दुपारी टायर 60 अंशांपर्यंत तापला, तरी दाब 57 च्या आसपास जातो. सात पीएसआयने धडधाकट टायर फुटत नाही. फुटतो तो आधीच मेलेला टायर, बाजूला बारीक चिरा पडलेला, आतला दोरा दिसणारा, एखाद्या जागी फुगवटा आलेला. किंवा टायरच्या कडेखाली ट्यूब चिमटीत सापडलेली असते.

आणखी एक कारण गावोगाव दिसतं, ट्रकच्या टायरचा कॉम्प्रेसर. त्याच्या टाकीत 100 च्या वर दाब असतो आणि सायकलच्या एवढ्याशा ट्यूबला भरायला काही सेकंद पुरतात. मुलगा ‘टाईट कर’ म्हणतो, दुकानदार नळी धरून ठेवतो, आणि टायर 70-80 घेऊन उन्हात उभा राहतो. तिथे हवा भरायचीच असेल तर एकेक सेकंदाचे झटके द्यायला सांगा आणि प्रत्येक झटक्यानंतर अंगठ्याने दाबून पाहा. उन्हाळ्यासाठी वेगळा आकडा ठेवायची गरज नाही. सकाळी सावलीत भरा, सायकल सावलीत लावा. थंडीत मात्र उलटं होतं. दुपारी भरलेली हवा पहाटे 10 अंशांना तीन-चार पीएसआयने कमी झालेली असते, आणि लोक ते पंक्चर समजतात.

प्रश्न : तूर-कपाशी काढल्यावर शेतातून सायकल नेली की पंक्चर ठरलेलं. हवा जास्त ठेवली तर वाचेल का? — मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : नाही. विळ्याने तिरपा कापलेला तुरीचा खुंट भाल्यासारखा असतो. कडक टायर त्यावर सरळ बसतो, आणि सैल टायरची पातळ बाजू फुगून पुढे येते. बांधाचे सराटे आणि बाभळीचे काटे हवेला जुमानत नाहीत. उपाय आतून करावा लागतो. जुनी ट्यूब लांबीने चिरा, व्हॉल्व्हचा भाग कापून टाका आणि ती पट्टी टायर व नव्या ट्यूबच्या मधे घाला. पट्टीच्या कडा आणि टोकं पॉलिश पेपरने घासून पातळ करा. जाड कड महिन्याभरात नव्या ट्यूबला घासून छिद्र पाडते. मधे टाल्कम पावडर टाका. पट्टीने टायर जरा कडक होतो, म्हणून किती दबतो ते पुन्हा मोजा.

पंक्चर काढल्यावर त्याच जागी पुन्हा पंक्चर होत असेल तर काट्याचं टोक टायरमध्येच आहे. बोट फिरवून ते सापडत नाही, उलट बोटात शिरतं. कापसाचा बोळा आतून पूर्ण वेढाभर फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे टोक आहे. ते चिमट्याने बाहेरच्या बाजूने काढा.

प्रश्न : परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना उंचीमुळे हवा वाढते म्हणून कमी करावी, असं ऐकलं. — अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर आहे. पायथ्यापासून तिथपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब जेवढा घटतो त्याने टायरचा दाब सव्वा पीएसआय वाढलेला दिसेल. वरच्या गारव्याने तेवढाच उतरतो. सोडून द्या. लक्ष उतारावर ठेवा. रिमला घासणारे ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापते आणि ट्यूबला लावलेला पॅच सुटतो. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडत उतरा. थांबल्यावर रिमवर पाण्याचा थेंब टाका, चर्र झालं तर पाच मिनिटं बसा. वळणांसाठी पुढच्या चाकात हवा फार कमी नको, जाड टायरला 30 च्या खाली जाऊ नका.

प्रश्न : सायकल चालवताना बटण दाबून हवा कमी-जास्त करता येते, हे खरं आहे का? — एक विद्यार्थी, वर्धा

उत्तर : खरं आहे. कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या ‘डक’ या पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये चालक बसल्या जागी टायरची हवा बदलू शकत होता. सायकलींत ती अलीकडे आली. फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे या दगडी फरसबंदीसाठी प्रसिद्ध शर्यतीत 2023 साली काही स्वारांनी अशी चाकं वापरली. ग्राव्हा या डच कंपनीच्या यंत्रणेत हबमध्ये छोटा पंप असतो, तो चाकाच्या फिरण्यावर चालतो आणि हँडलवरच्या बटणाने हवा वाढते किंवा सुटते. दुसऱ्या एका प्रकारात हबमध्ये दाबलेल्या हवेची कुपी असते. ती संपली की हवा वाढवता येत नाही. दोन्ही प्रकार बिनट्यूबच्या टायरसाठी आणि शर्यतीच्या बजेटसाठी आहेत. त्या पैशात घरातल्या प्रत्येकाला एक सायकल येईल. तुम्ही गेजचा उभा पंप आणि पिन दाबता येणारा व्हॉल्व्ह घ्या.

प्रश्न : मुलीच्या सायकलीचा व्हॉल्व्ह दर महिन्याला तिरपा होतो. — मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : हवा कमी राहते आहे. ब्रेक लागला की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला ओढत नेतो. तिरपा व्हॉल्व्ह हाताने सरळ करू नका, मुळाशी फाटेल. पूर्ण हवा काढा, टायरच्या दोन्ही कडा रिमपासून सुट्या करा आणि टायर धरून गोल सरकवत व्हॉल्व्ह आऱ्यांच्या दिशेने सरळ आणा. पाच-सहा हात मारून चाक फिरवा. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेषा असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी ती बुडालेली असेल तर तिथली कड अंगठ्याने बाहेर ओढा. मग उरलेली हवा भरा. व्हॉल्व्हचा रिमवरचा नट फक्त बोटांनी कसा, पान्हा लावू नका.